शिवलीलाचा दम

निपाणीची शिवलीला बाळंतपणानंतर बॅडमिंटनच्या राज्य संघात परतायला धडपडत होती. आज मल्लेश्वरमच्या कोर्टावर दमाची चाचणी होती. शिट्टी वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, आणि शिट्ट्या जलद होत जायच्या. कोवळ्या पोरी एकेक करून बाहेर पडल्या. शिवलीलाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. शेवटी ती आणि त्या पोरींतली संहिताच उरल्या.

"अक्का, थांबा आता!" संहिता धावताधावता ओरडली.

"तू थांब की!" एवढं बोलण्यातच शिवलीलाचा श्वास तुटला. पुढच्या शिट्टीला रेघ पाऊलभर लांब राहिली. ती गुडघ्यांवर कोसळली.

प्रशिक्षक प्राणेशसर जवळ आले. "संहिता पहिली. पण तू संघात आहेस."

तिला उत्तर द्यायलाही दम नव्हता. तिनं नुसता हात वर केला.