मोठ्या आईची चिखलणी, साठ फ्रेममध्ये

माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू शामकला, केशोरीत राहते आणि तिने आजवर डझनभर ट्रॅक्टर चालवले आहेत. त्यातला एकही खरा नाही.

खरा ट्रॅक्टर घरी आहे. लाल, मागच्या चाकांवर लिंबू-मिरच्या लटकवलेला. त्याची चाबी मोठ्या बाबांच्या, म्हणजे ईश्वरदासांच्या करदोड्याला बांधलेली असते आणि ती आंघोळीलाही सुटत नाही. रोवणीला वाकायचं मोठ्या आईनं, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या वाहायच्या तिनं, आणि सीटवर बसून गाणी लावायची मोठ्या बाबांनी. लग्नापासूनची वाटणी अशी आहे आणि ती करताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग घरात कॉम्प्युटर आला. तो माझा चुलतभाऊ ओमेशने स्पर्धा परीक्षेसाठी घेतला होता. परीक्षेत काही झालं नाही, ओमेश तिरोड्याला नोकरीला लागला आणि जाताना कॉम्प्युटर आईच्या गळ्यात टाकून गेला. त्यात शेतीचा एक गेम होता. मोठी आई आधी नुसती धूळ पुसायची. एकदा पुसता पुसता ट्रॅक्टर सुरू झाला, तो अजून बंद झालेला नाही.

पुढे तिने यूट्यूबवर चॅनेल काढलं. गेम खेळत खेळत ती बोलते आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. "आता पाहा, हा गेममधला गोरा शेतकरी बांधीच्या मधात उभा हाये. ना दुपट्टा, ना टोपी. मर म्हना उन्हात." असं तिचं निवेदन. बघणारे थोडेच, पण शेवटपर्यंत बघणारे.

गेमच्या नव्या अपडेटमध्ये धानशेती आल्यावर तिने बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी भरून चिखलणी केली, दुसऱ्या बांधीतलं उभं धान दाखवलं, आणि तो व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावला. खोलीत मोठे बाबा होते आणि शेजारचे नंदलालकाका, जे आमच्याकडे टीव्हीसाठी येतात आणि चहासाठी थांबतात. त्यांनी जे पाहिलं ते भयंकर होतं. ट्रॅक्टर उचकी लागल्यासारखा चालत होता आणि धानाच्या जागी हिरवा लगदा हलत होता.

"हे धान होय का अंबाडीची भाजी?" मोठे बाबा म्हणाले.

"भाजी बरी, भाऊ," नंदलालकाका म्हणाले. "भाजी अशी उड्या नाही मारत."

"आनि हिले खरा ट्रॅक्टर पायजे! अवं, तुले खेळन्यातला बी सिधा चालवता नाही येत."

"मी सिधाच चालवला," मोठी आई म्हणाली. "व्हिडिओ वाकडा हाये."

यावर दोघं इतके हसले की काकांच्या बशीतला चहा सांडला. हसण्याच्या भरात मोठे बाबा बोलून गेले, "याच टीव्हीवर सिधी लाइन दाखव. मंग उन्हाळी धानाले कालव्याचं पानी आलं का चाबी तुयी."

नंदलालकाका साक्षीदार झाले. ते कशालाही होतात.

मोठ्या आईने मला नागपूरला फोन लावला. मी तिथे एका कंपनीत व्हिडिओ नीट चालतात की नाही हे तपासते. घरच्यांच्या मते मला दिवसभर टीव्ही बघायचा पगार मिळतो.

"नीतू, व्हिडिओ काऊन उचकून रायला?"

"एक्स्पोर्ट करताना काय निवडलं होतंस?"

"सिनेमा."

"सिनेमा कायले?"

"चांगलं दिसावं म्हनून! सिनेमाहून चांगलं काय असते?"

मी कपाळावर हात मारला. तिचा गेम सेकंदाला साठ चित्रं रेकॉर्ड करत होता. 'सिनेमा' या पर्यायाने त्यातली चोवीसच ठेवली आणि बाकीची फेकून दिली. फेकताना धड सारख्या अंतरावरची पण फेकली नाहीत. ट्रॅक्टर उचक्या देणार नाही तर काय करेल?

"साठचे साठ ठेव," मी म्हटलं. "आणि बिटरेट किती होता?"

"सगळ्यात लहान. फाइल लवकर जाते नं."

तिथेच धानाची भाजी झाली होती. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी किती डेटा खर्च करायचा ते. भिंतीचा व्हिडिओ असेल तर थोडक्यात भागतं, कारण भिंत काही करत नाही. पण वाऱ्यावर हलणाऱ्या धानाचं पातं न् पातं दर क्षणी जागा बदलतं. डेटा पुरला नाही की कॉम्प्युटर पाती मोजायचं सोडून हिरवा रंग फासतो आणि मोकळा होतो.

"म्हंजे गावभराची पंगत आनि एकच गंजभर भात," मोठी आई म्हणाली.

"बरोबर. बिटरेट तिप्पट कर. शार्पनेसला हात लावला होतास का?"

"शेवटपर्यंत सरकवला."

"तो शून्यावर आण. भाजी बिघडली म्हणून वरून तिखट ओतल्यासारखं झालंय ते. पात्यांना पांढरी किनार आलीय. आणि व्हिडिओचा आकार एक पायरी मोठा निवड. मोठ्या व्हिडिओला यूट्यूब जरा मानानं वागवतं."

"कारवाल्या जावयावानी."

"तसंच."

नवी फाइल एवढी मोठी झाली की तिच्या फोनचा दिवसाचा डेटा अर्ध्यातच संपला. उरलेलं तिने मोठ्या बाबांच्या फोनवरून चढवलं. ते तेव्हा दुपारच्या झोपेत होते आणि स्वतःच्या पराभवाला स्वतःचा डेटा पुरवत होते.

मी त्या शनिवारी केशोरीला पोचले तर मोठी आई कॉम्प्युटरसमोर बसलेली. तिने मला व्हिडिओ दाखवला. सुंदर झाला होता. पाणी सरळ दुभंगत होतं, ट्रॅक्टर लोण्यावरून चालल्यासारखा जात होता, पलीकडच्या बांधीतली लोंबी न् लोंबी मोजून घ्यावी. आणि कोपऱ्यावर वळताना मागचं चाक धुऱ्यावर चढून बांध फोडून गेलेलं, तेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. आधीच्या लगद्यात ते कोणालाच दिसलं नव्हतं. तिलासुद्धा नाही.

"परत खेळ," मी म्हटलं.

"टाइम कुठं हाये? कालव्याचं पानी उद्या येऊन रायलं."

"मग याचीच जुन्या सेटिंगची फाइल टीव्हीला लावू. धुरा दिसणार नाही."

तिने व्हिडिओ मागे नेऊन पहिली लाइन परत लावली.

"धुरा नाही दिसनार, तं लाइन बी नाही दिसनार," ती म्हणाली. "एवढी सिधी लाइन हाये माझी. लाव तोच."

संध्याकाळी टीव्ही लागला. मोठे बाबा हसायच्या तयारीने बसले होते. पहिली लाइन गेली. दुसरी गेली. हसायला जागा सापडेना. ते उठून टीव्हीपाशी गेले आणि लाइनीवरून बोट फिरवून बघितलं. नंदलालकाका म्हणाले, "भाऊ, ही तं तुमच्याहून सिधी हाये."

"तुमी चहा प्या," मोठे बाबा म्हणाले.

आणि तो कोपरा आला. मोठी आई पदर चुरगळत होती. चाक धुऱ्याकडे सरकायला लागलं आणि मोठे बाबा टीव्हीवर ओरडले, "अवं, डावा ब्रेक! डावा दाब नं! दोनी कायले दाबून रायली? फुटला! फुटला धुरा!"

मला वाटलं, गेली चाबी.

"गेममधी एकच ब्रेक हाये," मोठी आई म्हणाली.

"एकच? ट्रॅक्टरले दोन ब्रेक असतेत, एकेका चाकाले एकेक. ज्या अंगाले वळाचं त्याच अंगाचा दाबाचा. कोन्या येड्यानं बनवला हा?"

"मले काय मालूम? मी कधी सीटवर बसली का? दोन हायेत म्हनता, तं दाखवा."

"दाखवतो नं! त्यात काय—"

बोलता बोलता ते थांबले. उशीर झाला होता.

"शिकवनी तं सुरू झाली, भाऊ," नंदलालकाका कप ठेवत म्हणाले. "आता चाबी काढा."

करदोड्याची गाठ अशी चारचौघांत सोडता येत नाही. मोठे बाबा आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा एका हातात चाबी होती आणि दुसऱ्या हाताने पायजमा धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या आईने खरी बांधी चिखलली. मी फोनवर साठ फ्रेममध्ये व्हिडिओ घेत होते. लाइन टीव्हीवरच्याइतकी सरळ नव्हती, चिखल गेमपेक्षा हट्टी होता, आणि ती ट्रॅक्टरला सासरच्या माणसांची नावं घेऊन शिव्या देत होती. मोठे बाबा धुऱ्यावर उभे राहून हात हलवत होते. कोपरा आला. "डावा!" ते ओरडले. तिने डावा दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन वळला, धुऱ्याला चाक लागलंसुद्धा नाही. धुरा शाबूत राहिला, फक्त त्याच्यावर मोठे बाबा राहिले नाहीत. आनंदाने त्यांनी एक पाय मागे टाकला आणि ते पाठीवर चिखलात गेले.

संध्याकाळी मी तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला. मोठे बाबा दोनदा अंघोळ करून शेजारी येऊन बसले. आवाज अगदी खालचा.

"नीतू बाई, ते पयलं सेटिंग कोनतं होतं वो? अंबाडीवालं?"

"सिनेमा पायजे का तुमाले?" मोठ्या आईने मागून विचारलं. चाबी तिच्या पदराला होती. तिने माउस माझ्या हातातून घेतला, साठ निवडलं, बिटरेट मी सांगितला होता त्याहून एक पायरी वर नेला, आणि मोठ्या बाबांना म्हणाली, "तुमचा फोन आना इकडं. फाइल मोठी हाये."