दारावरचं आडनाव

जर्मनीत आमच्या शेजारी डीटरआजोबांचं शेतावरचं जुनं घर आहे. त्याच्या दारावरच्या तुळईत त्यांचं आडनाव कोरलेलं दिसलं, म्हणून मी सहज विचारलं, "हे तुमचे मूळपुरुष का?"

"छे! ते नाव शेताचं," ते हसून म्हणाले. "माझे खापरपणजोबा इथे घरजावई म्हणून आले. जो येईल त्याने शेताचं नाव लावायचं, अशीच इकडची रीत होती."

"मग त्यांचं स्वतःचं आडनाव?"

"कुणास ठाऊक!"

मी थक्क झाले. चांगला कर्ता पुरुष उंबरा ओलांडतो आणि त्याचं नाव बाहेरच राहतं? महिनाभरासाठी माझ्याकडे आलेली आई शेजारीच उभी होती. तिला मी हे मराठीत सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही.

"माझं तर पहिलं नावसुद्धा बदललं की," ती म्हणाली. "ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं."

ते नवं नाव मला माहीत होतं. पण त्याआधीचं? मामा तर तिला ताईच म्हणतात.

"आई, तुझं आधीचं नाव काय गं?"

ती तुळईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चंपा." आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं तिने दचकून मागे वळून पाहिलं.