बारा आधणं

ओर्पाच्या हाताला यश आहे, असं ओएमनासी गावात सगळे म्हणत. हे यश चवीचं नव्हतं. तिने शिजवलेला रानवाल खाऊन आजवर कोणी दगावलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

रानवाल टिमोरच्या या डोंगरात आपोआप उगवतो. पाऊस दडी मारतो, मका करपतो, तरी त्याचा वेल हिरवा राहतो. कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत, डुकरं लावत नाहीत, उंदीरसुद्धा शेंग कुरतडत नाही. त्याच्यात विष असतं. ते उतरवायचं तर दाणे आधणात वैरायचे, खळाखळा उकळायचे, पाणी फेकायचं आणि पुन्हा नव्या पाण्याचं आधण ठेवायचं. असं बारा वेळा. मधल्या दोन आधणांत चुलीतली राख घालायची. भांड्यावर झाकण एकदाही ठेवायचं नाही. आणि फेकायचं पाणी पार कुंपणापलीकडे खड्ड्यात ओतायचं, वर माती लोटायची. नाहीतर कोंबड्या चोच घालतात आणि तिथंच पाय ताणतात.

ओर्पा मूळची खालच्या सपाटीवरची. तिच्या माहेरी भात पिके. अठराव्या वर्षी ती मेल्कीची बायको होऊन वर आली आणि पहिल्याच वर्षी उपासमारीचे दिवस काय असतात ते तिने पाहिलं. दहाव्या आधणाला वालाचा कडवट वास गेला म्हणून ती भांडं उतरवायला गेली, तेव्हा सासूने पळीने तिच्या मनगटावर असा फटका दिला की आठवडाभर वळ होता.

"वास गेला म्हणजे विष गेलं, असं तुला कोणी सांगितलं?" सासू म्हणाली होती. "नाक मरत नसतं पोरी. माणूस मरतं."

सासू गेली आणि ते काम आपसूक ओर्पाकडे आलं. तिला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल पहिली काही वर्षं बायका कुजबुजल्या, मग थांबल्या. कारण दर दोन-तीन वर्षांनी टंचाई यायचीच, आणि मग टोपलीभर रानवाल घेऊन त्याच बायका तिच्या दारात बसायच्या. तिची चूल त्या गोल, गवताने जमिनीपर्यंत शाकारलेल्या घरात मधोमध होती. घराला खिडकी नाही, दार कमरेएवढं. धुराने डोळे लाल करून ती मोजत बसे. आधण संपलं की एक खडा बाजूला.

तिच्या कुंपणाला लागूनच तिच्या धाकट्या दिराचं घर. दीर दानी मलेशियात पामच्या मळ्यात कामाला गेला होता. दोन वर्षं झाली, ना पत्र ना निरोप. घरात त्याची बायको योसिना आणि तीन मुली. थोरली सार्लिन अकरा वर्षांची, मधली आठची, धाकटी वेल्मी चारची. वेल्मीचा दिवस ओर्पाकडेच जायचा. काकूला चिकटून बसून ती खडे मोजायची आणि मुद्दाम एखादा खडा लपवायची. ओर्पा रागावली की म्हणायची, "मीच खाल्ला." मग स्वतःच हसत सुटायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस थोडे दिवस पडला आणि निघून गेला. मका गुडघ्याएवढा झाला आणि उभ्याचा वाळला. लोकांनी पुन्हा पेरलं. तेही गेलं. चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं आधी मोजून उतरवली गेली, मग न मोजता. डुकरं मेली ती खाल्ली. एरवी डुकरांनाच घालतात तो ताडासारख्या गेवांग झाडाचा गाभा कुटून माणसं खाऊ लागली. तो पोट भरतो, पण त्याने अंगात ताकद येत नाही. माणूस बसला की बसून राहतो.

वाल तरी होता. पण वडाखालचा झरा त्या ऑगस्टमध्ये धाग्याएवढा झाला, सप्टेंबरात नुसती ओल उरली आणि मग तिथं भेगा पडल्या. आता पाणी म्हणजे खाली नदीच्या पात्रातले डोह. पहाटे निघावं तेव्हा दुपारी परत. खांद्यावर बांबू, दोन टोकांना दहा-दहा लिटरचे दोन कॅन. एका भांड्याच्या बारा आधणांना असे चार कॅन लागत. म्हणजे दोन दिवसांच्या दोन खेपा नुसत्या वालाच्या, पिण्याचं वेगळं.

ओर्पाने गावाला सांगून टाकलं की आता दुसऱ्यांचा वाल शिजवणं तिला जमणार नाही. ज्याने त्याने आपलं पाणी आणावं, आपली आधणं मोजावीत. कोणी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. मेल्की तेव्हा अंथरुणालाच होता. त्याची छाती भरलेली, खोकल्याने रात्रंदिवस चैन नाही. खेपा घालायला ती एकटी.

तो मंगळवार होता. उन्हं कलली होती. ओर्पाचं भांडं नवव्या आधणावर होतं. तीन आधणं बाकी, आणि चुलीच्या मागे, गोणपाटाखाली, एक भरलेला कॅन. दुसरा मेल्कीच्या उशाशी, पिण्यासाठी. योसिना वाकून दारातून आत आली आणि उंबऱ्याशीच टेकली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"थोरले, एक कॅन दे," ती मोठ्या जावेला म्हणाली. "माझं सातवं झालं. घरात घोटभर उरलंय."

ओर्पाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "कुठून देऊ?"

"उद्या पहाटे जाते, दुपारी तुझा भरून देते. पोरींनी कालपासून काही खाल्लं नाही. वेल्मी तर रडतसुद्धा नाही आता."

ओर्पाला तो कॅन दिसत होता. गोणपाटाचा कोपरा वर आला होता आणि त्यातून निळं प्लास्टिक दिसत होतं, निदान तिला तरी. योसिनाला अंधारात दिसलं नाही. आतून मेल्की खोकला. ओर्पाच्या मनात तेव्हा एवढंच आलं, की हा कॅन गेला तर आज हे भांडं उतरणार नाही, आणि उद्याची खेप तिच्या पायांना झेपली नाही तर परवाही नाही.

"दोन्ही रिकामे आहेत," ती म्हणाली.

योसिनाने विचारलं, "सातव्यावर चालेल का? थोडंच देईन."

"नाही. बारा म्हणजे बारा. आजचा दिवस पोरींना थोपट, निजव. उद्या पाणी आण."

"थोपटून पोट भरत असतं तर," योसिना म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.

ओर्पाने आपली तीन आधणं पुरी केली. मेल्कीला वाटीभर भरवलं, स्वतः खाल्लं. मग वेल्मीसाठी म्हणून नारळाच्या करवंटीत मूठभर काढून ठेवलं. आता अंधार पडेल, सकाळी नेऊन देऊ, असं ती स्वतःशी म्हणाली. खरं तर आत्ताच गेलं तर योसिना विचारेल, पाणी कुठून आलं, याची तिला भीती होती.

सकाळी ती करवंटी घेऊन कुंपण ओलांडत होती, तेवढ्यात सार्लिन ओकाऱ्या काढत अंगणात आली.

योसिनाने उजाडताना भांडं उतरवलं होतं. उरलेल्या घोटभर पाण्यात आठवं आधण कसंबसं केलं आणि तिघींना वाढलं. थोरल्या दोघींना चार-चार दाणे. सगळ्यांत जास्त वेल्मीला, कारण ती सगळ्यांत लहान. स्वतः खाल्लं नाही, पुरेल असं नव्हतंच. आता मधली कुंपणाशी पालथी पडून ओकत होती. वेल्मी ओकत नव्हती. ती आईच्या मांडीवर ताठ झाली होती, तोंडाला फेस होता, श्वास घोड्यासारखा जोरजोरात चालला होता.

ओर्पा घरी पळाली आणि मेल्कीच्या उशाचा कॅन घेऊन आली. पाणी पाजायला पाहिलं. ते वेल्मीच्या गालावरून खाली गेलं. योसिनाने त्या कॅनकडे पाहिलं.

आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर. दोन माणसांनी बांबूला लुंगी बांधून झोळी केली, वेल्मीला तिच्यात घातलं. योसिना मागून चालत होती, ओर्पा तिच्याही मागे. थोरल्या दोघी शेजारणीकडे ठेवल्या. त्यांचं ओकून पोट रिकामं झालं होतं, त्या वाचल्या. वेल्मी नदीच्या पात्रापर्यंत पोचली. जिथं पाणी भरायला सगळे येत त्याच डोहाजवळ पुढच्या माणसाने झोळी खाली ठेवली, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. थोडा वेळ सगळे तिथं सावलीत बसले. मग तसेच परत चढले.

तिला घरासमोरच पुरलं. तिसऱ्या दिवशी गावचे वडीलधारे आमा फिलेमोन आले आणि दोन्ही घरांना एकत्र बसवलं. घरावर असा घाला पडला की नाकेती करायची, ही इथली रीत आहे. प्रत्येकाने आपली पानसुपारीची पिशवी मधे ठेवायची आणि मनात दडवलेली चूक सगळ्यांसमोर सांगायची, म्हणजे संकट पुढच्यावर जात नाही. ज्याचं नुकसान झालं त्याने चूक करणाऱ्याच्या पिशवीतली सुपारी उचलून तोंडात टाकली की मिटलं.

आधी योसिना बोलली. तिला थोरल्या जावेने बजावलं होतं, तरी तिने भांडं उतरवलं, असं ती म्हणाली. वाढताना वेल्मी म्हणाली होती, कडू लागतंय, तरी तिने खा म्हटलं. मेल्कीने काहीतरी दानीशी झालेल्या जुन्या भांडणाचं सांगितलं. मग आमा फिलेमोनने ओर्पाकडे पाहिलं. ती नुसती मान हलवून सुटली असती. वाल उतरवला योसिनाने, बजावलं ओर्पाने. गावाच्या हिशेबात तिच्याकडे दोष नव्हताच.

"माझ्याकडे पाणी होतं," ओर्पा म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. आमा फिलेमोनने विचारलं, कधी?

"मंगळवारी. ही मागायला आली तेव्हा. एक कॅन चुलीमागे होता, एक यांच्या उशाशी. मी म्हटलं, रिकामे आहेत."

मेल्की बायकोकडे बघत राहिला. ती उशाशी पाणी ठेवत होती ते त्याला ठाऊक होतं; पण मंगळवारी तो ग्लानीत होता, योसिना मागायला आली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. ओर्पाने पिशवी योसिनासमोर सरकवली.

योसिना म्हणाली, "मला ते दुसऱ्या सकाळीच कळलं. तू कॅन घेऊन आलीस तेव्हा. तू सांगतेस की नाही, एवढंच बघत होते."

ती उठली आणि बाहेर गेली. सुपारी तशीच राहिली. आमा फिलेमोनने पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाले की हे अर्धवट राहिलं, पुन्हा बसावं लागेल. पुन्हा बसणं झालं नाही.

पाऊस जानेवारीत आला. त्यानंतर ओर्पा एक दिवसाआड भरलेला कॅन योसिनाच्या दारात नेऊन ठेवू लागली. झरा परत वाहू लागला होता, त्या पाण्याची कोणाला गरज नव्हती, तरी ती ठेवत राहिली. योसिना तो कॅन उचलायची, पपईच्या आळ्यात ओतायची आणि रिकामा कुंपणावर टांगायची. चार वर्षं हे असंच चाललं. दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसत, कारण बाक घराण्याचा होता. पण बोलणं नाही. मधे मेल्की गेला, तेव्हा योसिना आली, जेवणासाठी मका कुटला, भांडी घासली, आणि परत गेली. वाल शिजवून घ्यायला ओर्पाकडे पुन्हा कोणी आलं नाही. कोणी तिला नावंही ठेवली नाहीत. तिच्या हाताच्या यशाचं नाव मात्र पुन्हा कोणी काढलं नाही.

दानीचा पत्ता लागलाच नाही. शेवटी योसिनाने स्वतःच मलेशियाला जायचं ठरवलं. मुलींना तिच्या आईकडे किनाऱ्यावर ठेवायचं होतं. निघायच्या सकाळी ती ओर्पाच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"वेल्मीवर गवत फार वाढतं," ती म्हणाली. "काढत जा."

ओर्पा हो म्हणाली. घाईघाईने कमरेची पानसुपारीची पिशवी सोडून तिने पुढे केली. योसिनाने पिशवीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"ट्रक थांबलाय," ती म्हणाली, आणि गेली.

ओर्पा दर शनिवारी गवत काढते. सुरुवातीला उकिडवी बसून काढायची, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून जमिनीवर पाय पसरून बसते. गेल्या साली सार्लिन आली होती. तिच्या कडेवर मूल होतं. आईने पाठवलेल्या फरशा तिने घोड्यावर लादून आणल्या होत्या, कबरीला लावायला. दोन दिवस गवंडी काम करत होता. सार्लिन काकूच्याच घरी जेवली, तिथंच झोपली. निघताना तिने सांगितलं, आईने विचारायला सांगितलं होतं, थोरली आहे का अजून.

"आहे म्हणावं," ओर्पा म्हणाली. मग तिने विचारलं, "आणखी काही विचारलं का?"

सार्लिनने मान हलवली. नाही. मूल कडेवर सावरून ती उताराला लागली. ओर्पा कबरीपाशी गेली. फरशांच्या सांध्यांत सिमेंट अजून ओलं होतं, त्यावर कोंबडीने पाय उमटवले होते. तिने बोटाने ते पुसून सारखे केले आणि कोंबड्यांना हाकलायला तिथंच बसून राहिली.