साडूची बोटं

पडदेवाल्यांना आपल्या साडूच्या घराचा हेवा कधी वाटला नाही, पगाराचा नाही, दाट केसांचाही नाही. (केसांचा थोडा वाटला.) त्यांचा जीव जळायचा तो साडूच्या बोटांवर.

दोघं एकाच कापडाच्या दुकानात कामाला. साडू पुढच्या काउंटरवर रेशीम आणि सॅटिन विकायचे. हे पार मागे, जिन्याखाली, पडद्यांचं जाडंभरडं कापड. विकण्याची अक्कल दोघांना सारखीच. फरक फक्त कातडीचा. पडदेवाल्यांना नखांच्या कडेची कातडी दातांनी कुरतडायची सवय होती. गिऱ्हाईक "जरा फिरून येतो" म्हणालं की करंगळी तोंडात. मुलीला घरी यायला उशीर झाला की अंगठा. फोन वाजला की तो कुणाचा हे कळायच्या आत अनामिका. रक्त निघालं की ते बोट पाठीमागे लपवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताचं चावून घ्यायचं.

रेशमाला असलं बोट चालत नाही. कातडीचं एवढंसं कुसळ उभं असलं तरी त्यात धागा अडकतो, खर्र आवाज होतो आणि कापडावर रेघ उमटते. म्हणून मालकीणबाई रोज सकाळी रेशमावर बसणाऱ्याला सॅटिनच्या एका तुकड्यावरून बोटं फिरवायला लावत. साडूंची बोटं अशी घरंगळत जायची, की तुकड्यालाच गुदगुल्या होताहेत असं वाटावं.

"लोण्यासारखी आहेत," पडदेवाल्यांची बायको म्हणायची. "ताईचं नशीब हो!"

"लोणी उन्हात वितळतं," म्हणत पडदेवाले तर्जनी तोंडात घालायचे.

"जेवायला वाढू, की हातावरच भागवताय?"

मग बातमी आली. मालकीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं दुकान काढणार आणि साडू तिकडे जाणार. पुढचा काउंटर रिकामा!

"महिनाअखेर सॅटिनवरून बोटं फिरवून दाखवा," मालकीणबाई पडदेवाल्यांना म्हणाल्या. "नाही जमलं तर बाहेरून माणूस आणते. तुम्ही जिन्याखालीच बरे."

झालं! बोटं सुधारायच्या काळजीने ते बोटं जास्तच खाऊ लागले. कडू औषध लावलं, तर त्याची चटक लागली. चिकटपट्ट्या गुंडाळून दुपारी गुपचूप पुढच्या काउंटरवर सराव केला, तर एक पट्टी गुलाबी सॅटिनला चिकटली आणि त्याची चकाकी घेऊनच सुटली. साडूंनी तो तागा हसत गुंडाळून ठेवला आणि मालकीणबाईंना चकार शब्द सांगितला नाही. हा चांगुलपणा पडदेवाल्यांना सगळ्यात जास्त झोंबला.

सुट्टीच्या दिवशी साडूंकडे जेवण होतं. पडदेवाले ताटाकडे कमी आणि यजमानांच्या बोटांकडे जास्त बघत होते. शेवटी राहवेना.

"साडूभाऊ, तुम्हाला कधी कसली काळजीच वाटत नाही का हो?"

"वाटते की."

"मग ही बोटं?"

साडूंनी बायका स्वयंपाकघरात असल्याची खात्री केली आणि गाल बाहेर ओढून दाखवला. आतून तो चावून चावून खडबडीत झाला होता.

"लहानपणापासून," साडू म्हणाले. "तुमच्या दुप्पट चावतो. दिसत नाही, एवढंच."

दुसऱ्या कुणाला कळवळा आला असता. पडदेवाल्यांच्या मनात आलं, बघा! सवयसुद्धा लेकाला झाकून ठेवता येईल अशी मिळाली!

"हल्ली कमी झालंय," साडू सांगू लागले. "लहर आली की जबडा सैल सोडतो. तुम्ही हात वर निघाला की कापडाचं टोक मुठीत धरा, लहर जाईपर्यंत. कुसळ कात्रीने कापा आणि वर तेल लावा."

"असल्या युक्त्या आपल्याला नकोत," पडदेवाले म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या सुरू केल्या. बायकोला सांगितलं, आपल्याच डोक्यातून निघाल्या. हात वर गेला की "हात!" म्हणायचं काम तिला दिलं. तिने ते इतक्या आवडीने केलं, की एकदा बाजारात तिच्या ओरडण्याने एका परक्या गृहस्थाने दचकून खिशातले दोन्ही हात बाहेर काढले.

यात एक गोष्ट पडदेवाल्यांच्या ध्यानात आली. हात सगळ्यात जास्त वर जायचा तो कुणी साडूची स्तुती केली की. मग ते पडद्याचं टोक मुठीत आवळायचे. त्या महिन्यात पडद्यांच्या प्रत्येक ताग्याचं टोक चुरगळलेलं होतं.

महिनाअखेरीला मालकीणबाईंनी तुकडा पुढे केला. बोटं सरसर गेली. अंगठा मात्र अडकला: खर्र!

आदल्या दिवशी मुलीला यायला उशीर झाला होता.

"अंगठा वर ठेवून काम कराल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"करीन! तुम्ही म्हणाल तर पायसुद्धा वर ठेवीन."

पडदेवाले रेशमावर बसले. अंगठा ताठ उभा ठेवून, उरलेल्या बोटांनी ते असं काही सॅटिन पसरायचे, की गिऱ्हाइकांना ती खानदानी पद्धतच वाटली. पुढे अंगठा बरा झाला, सवयही बरीचशी सुटली. पण खाली यायचं नाव अंगठा घेईना.

एका संध्याकाळी साडू मुद्दाम दुकानात आले. काउंटरशी उभे राहून त्या अंगठ्याकडे बघू लागले.

"काय हो," ते म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं मला सांगतात, जुन्या दुकानातले ते गृहस्थ अंगठा वर धरून किती ऐटीत दाखवतात! कुठून काढलीत ही ढब?"

बोलता बोलता त्यांचा डावा गाल आत ओढला गेला.

पडदेवाल्यांनी तो पाहिला. इतकं गोड दृश्य त्यांनी अनेक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"जबडा, साडूभाऊ," ते मायेने म्हणाले. "जबडा सैल सोडा."

आणि अंगठ्याचं मात्र काही केल्या सांगितलं नाही.