वाणाची पुडी

चाकणच्या कंपनीत वीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या विजयश्रीला लाडीगोडीचं बोलणं कधी सहनच झालं नाही. छातीतल्या गाठीवर उपचार चालू होते. केमोनं केस गेलेल्या डोक्याला रुमाल गुंडाळून ती पिंपळे सौदागरला ओळखीतल्या वर्षालीच्या हळदीकुंकवाला गेली. तिथं वाण म्हणून काय, तर हिरव्या पावडरची पुडी! वर्षाली हल्ली असलंच काहीबाही विकायची.

“ताई, कॅन्सर मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी आपल्या अंगातच असतात. तुमच्या कमजोर पडल्या, म्हणून तर गाठ झाली. हे घ्या, बघा कशा कामाला लागतात!”

नटूनथटून आलेल्या बायका नंदीबैलासारख्या माना डोलवत होत्या. विजयश्रीला शिसारी आली.

“त्या पेशी कुणी न सांगता पहारा देतात, बिघडलेली पेशी दिसली की तिथंच मारतात. डॉक्टरांनी समजावलंय मला. कमजोर नव्हत्या माझ्या. गाठीनं झोपवलं त्यांना.” तिनं पुडी वर्षालीच्या तबकात परत टाकली. “आणि कसं झोपवलं असेल, सांगू? असंच. शेजारी बसून, गोड बोलून.”