पाच दमांचं गाव

शेलू स्टेशनपासून तुमची इमारत किती लांब, असं एखाद्या पाहुण्यानं फोनवर विचारलं की आमचे सासरे सांगत, "दीड दम." न टेकता एका दमात जेवढं चालवतं तेवढा एक दम, हे ठाऊक नसलेला पाहुणा गोंधळायचा. मग मी फोन हातात घेऊन "दहा मिनिटं चाला" असं सांगायचे आणि फोन ठेवल्यावर बोलणी खायचे. "दहा मिनिटं कुणाची, मास्तरीणबाई? तुझी का माझी? मिनिटं माणसागणिक बदलतात. दम बदलत नाय." खरं तर दमही माणसागणिक बदलतो, पण हे त्यांना तोंडावर सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं. उभी हयात त्यांनी माथेरानला हातरिक्षा ओढली. दस्तुरी नाक्याला मोटारी थांबतात. तिथून पुढे आपले पाय, घोडा, नाहीतर माणसांनी ओढायची रिक्षा. एका रिक्षेला तीन माणसं लागायची, एक पुढे दांड्यात आणि दोघं मागे. आमचे सासरे टोळीचे मुकादम, म्हणून अख्खं नेरळ त्यांना मुकादम म्हणे. पुढे घरातही तेच नाव पडलं, मुलंही आजोबा म्हणायची नाहीत. मुकादम स्वतः मात्र नेहमी मागे असत. लग्न होऊन आले तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं होतं, मुकादम असून तुम्ही मागे कसे? ते म्हणाले, "पुढचा वाट दाखवतो. वाट काय, कुणालाबी दिसते. उतारावर गाडी धरतो तो मागचा. सवारीला तो दिसत नाय, म्हणून ती निवांत बसते."

त्यांनी पर्यटक इतके पाहिले होते की पर्यटनावर त्यांचं एक ठाम शास्त्रच झालं होतं. "सकाळी येतात, बारा पॉइंट बघतात, संध्याकाळी जातात. एकाला विचारा कुठला पॉइंट आवडला, तर नाव सांगता येत नाय. घाईनं फिरायला गेलेला माणूस फिरून येत नाय, धावून येतो." पण हे शास्त्र त्यांनी स्वतःवर कधी चालवून पाहिलं नव्हतं. जगाला सुट्टी लागली की त्यांचं काम सुरू. दिवाळी, मे महिना, नाताळ, सगळं डोंगरावर. पावसाळ्यात रिक्षा बंद, तर तेव्हा खाली भातलावणी. त्यामुळे सासूबाई कुठे गेल्या म्हणाल, तर माहेरी कशेळ्याला आणि तिथून परत. रायगड जिल्ह्यात जन्म, रायगड जिल्ह्यात लग्न, आणि समुद्र पाहिला तो टीव्हीवर.

आम्ही शेलूला घर घेतलं आणि दोघांना घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन चालायलाही लागल्या, पण मनानं बसल्या त्या बसल्याच. लिफ्ट असून खाली उतरायच्या नाहीत. कुठं जायचं निघालं की म्हणायच्या, "मी घराचं कुलूप हाय. तुमी जाऊन या." हे वाक्य ऐकलं की मुकादम उठून गॅलरीत जात. एकदा तिथूनच, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "या दिवाळीत समुद्रावर जायचं. हिला घेऊन."

मग आमच्या घरी बैठक बसली. आमचे हे खालापुराकडे कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यामुळे यादी केल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा पिता येत नाही. त्यांनी मोबाईलवर दोन दिवसांत एक किल्ला, तीन किनारे आणि डॉल्फिन असा बेत काढला. मुलांना पोहायचा तलाव असलेलं हॉटेल हवं होतं. आता सांगा, कर्जत तालुक्यात तलाववाल्या फार्महाउसांना तोटा आहे का? मुंबई तलावासाठी आमच्याकडे येते आणि आमच्या पोरांना तलावासाठी समुद्रावर जायचंय. मुकादमांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "एक गाव, दोन मुक्काम. गाडी एकदा लावली की परत निघेपर्यंत तिला हात लावायचा नाय. गाव पायी फिरण्याएवढं पायजे." आमचे हे म्हणाले, "बाबा, आईला कसं जमेल? चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते. आपण तिला ढकलत नेऊ."

मुकादम म्हणाले, "जल्मभर दुसऱ्यांच्या बायकांना बसवून फिरवलं. हिला चालवत नेणार. समुद्राला हिचेच पाय लागले पायजेत." सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

गणपती गेले, पौर्णिमा आली. त्या दिवशी मुकादम "कर्जतला तेल आणायला जातो" म्हणून सकाळी निघाले ते दिवेलागणीला परतले. चपलेत वाळू. तेल नाहीच. कर्जतहून अलिबागची एसटी, पुढे रेवदंड्याची एसटी, असा एकट्यानं प्रवास करून ते गाव बघून आले होते. शुभ कामाला पौर्णिमा, म्हणून कोजागिरीला पुन्हा गेले. या खेपेस मला विश्वासात घेतलं आणि माझ्या शाळेच्या वहीच्या पानावर नकाशा काढायला लावला. वाडीतलं घरगुती राहायचं ठिकाण, तिथून समुद्रापर्यंतची वाट, आणि वाटेवर पाच टेकायच्या जागा. किराणा दुकानाची पायरी, देवळाचा पार, शिंप्याचा बाक, विहिरीचा कठडा, आणि शेवटी सुरूच्या झाडाखाली पडलेला ओंडका. "ओंडक्यापासून पाणी धा पावलं. दोन्ही खेपांना दुपारी बाराला बघून आलोय. पाच दमांचं गाव हाय."

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं. नवा माणूस टोळीत आला की मुकादम त्याला आठवडाभर रिकामी रिक्षा ओढायला लावत. आधी वाट पायात मुरली पाहिजे, सवारी नंतर. तोच धडा त्यांनी पहिल्या खेपेपासूनच सासूबाईंना दिला, आणि त्यांना पत्ता लागू दिला नाही. "चल गं, कोथिंबीर आणू," असं म्हणून रोज खाली न्यायचे. पहिल्या आठवड्यात फक्त वॉचमनच्या खुर्चीपर्यंत. मग मेडिकलच्या बाकापर्यंत. मग न्हाव्याचं दुकान, पिठाची गिरणी, आणि शेवटी स्टेशनचा बाक. मी मोजून पाहिलं, शेलूच्या वाटेवरही टेकायच्या जागा पाचच आणि अंतरंही जवळजवळ तीच. सासूबाई माझ्याकडे कुरकुर करायच्या, "या माणसाला म्हातारपणी कोथिंबिरीचं येड लागलंय." आमच्या फ्रीजमध्ये त्या दोन महिन्यांत दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. पण दिवाळीपर्यंत बाई स्टेशनपर्यंत जाऊन येऊ लागल्या, आणि कुलूप हा शब्द त्यांच्या तोंडून गेला.

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही रेवदंड्याला पोचलो. जेवून, झोपून, चहा घेऊन पाचच्या सुमारास निघालो. किराणा दुकानाच्या पायरीवर पोतं घातलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "या आजी, टेका." देवळाच्या पारावर एका बाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. शिंप्याच्या बाकावर दोघं बसले होते ते आम्हाला बघून उठले. "मुकादमांची मंडळी ना? बसा, बसा." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोजागिरीला हा माणूस दारोदार जाऊन सांगून आला होता, की पुढच्या पौर्णिमेला संध्याकाळी माझी बायको इथं टेकेल, चालेल ना? सासूबाईंनी त्यांच्याकडे तिरपं बघितलं. "तुमी या गावात कवा आलावता?" मुकादम विहिरीकडे बघत म्हणाले, "चल, पुढं कठडा हाय."

पाचवा दम संपला. ओंडका तिथंच होता. समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब, पार लांब, चकाकणाऱ्या ओल्या वाळूच्या पलीकडे एक पांढरी रेघ. मुकादम ओंडक्याजवळ उभे राहिले आणि दोन्ही हात खाली सोडले. जाळं खांद्यावर टाकून एक कोळी चालला होता, तो म्हणाला, "ओहोटी हाय, बाबा. उद्या दुपारी बाराला या, या झाडापर्यंत पाणी." डोंगरातला माणूस तो. माथेरानचा पॉइंट सकाळी बघा, संध्याकाळी बघा, जागेवर असतो. समुद्र उठून जातो हे त्यांना कोण सांगणार? मुलं हसली नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. इतक्या वर्षांत त्या माणसाचा अंदाज चुकलेला मी प्रथमच बघत होते, आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आमचे हे आणि थोरला पळत गेले आणि नारळपाण्याच्या गाडीवरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. "आई, बस. आम्ही दोघं उचलतो." सासूबाईंचा हात धरून ते त्यांना बसवणार तेवढ्यात मुकादम म्हणाले, "सोडा तिला. ती सवारी नाय." आवाज मोठा नव्हता, पण दोघंही मागे सरले. "आज ऱ्हाऊ दे," ते बायकोला म्हणाले, "चुकलं माझं. उद्या बाराला येऊ."

सासूबाईंनी काठी वाळूत रोवून बघितली. ओली वाळू घट्ट होती. मग त्या लेकाला म्हणाल्या, "खुर्ची घे पोरा. मला नको उचलू, तिलाच उचल. एका दमावर पुढं नेऊन ठेव. मी येते."

आमच्या ह्यांनी खुर्ची पुढे नेऊन ठेवली. सासूबाई चालत गेल्या, टेकल्या, उठल्या. खुर्ची आणखी पुढे. जाळंवाला कोळीही थांबून बघत होता. मी बाजूनं चालत होते म्हणून मला दिसलं. मुकादम त्यांच्या मागे होते, दोन पावलांवर, दोन्ही हात किंचित पुढे धरून, पण बोटही लावलं नाही त्यांनी. सहाव्या खुर्चीनंतर पाणी आलं. सासूबाई पातळ वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, वाकता येईना म्हणून काठीचं ओलं टोक वर घेऊन बोटानं चाखलं, आणि मागे न वळता म्हणाल्या, "खारट हाय हो खरंच." मुकादम म्हणाले, "मंग? मी काय खोटं सांगत होतो?" दोघंही हसत होते. अशा घरात मी सून म्हणून आले याचा मला त्या संध्याकाळी जो अभिमान वाटला, तसा माझ्या डी.एड.च्या निकालाचाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी त्या कोळ्याला गाठून भरतीचं गणित शिकून घेतलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असली तर सहाला. झालं, तेव्हापासून शेलूच्या गॅलरीत, समुद्रापासून इतक्या कोसांवर, रोज सकाळी कॅलेंडर बघून घोषणा व्हायची. "आज चौथ, तीन वाजता भरती." मी डबा भरत असायचे, शाळेकडे जाणारी जीप चुकायची वेळ झालेली असायची, आणि वर ते विचारायचे, "लिवून घेतलं का, मास्तरीणबाई?" मी चिडायचे. पण माझ्या शाळेतल्या पोरांना, जी सगळी डोंगरातली आहेत, आज पाऊणपटीचा पाढा भरतीसकट येतो.

त्यानंतर दोन त्रिपुरी पौर्णिमा आम्ही त्याच गावी गेलो. तिसरी यायच्या आधी मुकादम गेले. चैत्रात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चहा पिऊन खुर्चीत बसल्या बसल्या. घर माणसांनी भरलं, नेरळहून टोळीतले म्हातारे आले. सासूबाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, "आज तिथी काय गं?" षष्ठी होती. त्यांनी बोटांवर मोजलं. "साडेचारला भरती. म्हंजे आता पुरती ओहोटी. पाणी गेलं तसे गेले. कुणाला खोळंबून नाय ठेवलं."

मला वाटलं, आता पुन्हा कुलूप लागणार. तर दिवाळी झाल्यावर त्यांनीच विचारलं, "गाडी कधी सांगितलीय?" मी म्हटलं, आई, या वेळी दुपारी बाराला जाऊ समुद्रावर, पाणी झाडापर्यंत असतं, चालायला नको. त्या म्हणाल्या, "नको. पाणी लांब असंल तवाच जाऊ."

पायरी, पार, बाक, कठडा, ओंडका. पाचही ठिकाणी टेकल्या. शिंप्यानं मुकादमांचं विचारलं, त्याला नीट सांगितलं, डोळे पुसले, उठल्या. ओंडक्यापाशी आमच्या ह्यांनी सवयीनं नारळपाण्याच्या गाडीवरची खुर्ची उचलली आणि पुढे चालू लागले. सासूबाईंनी काठी रोवली, पाऊल मात्र टाकलं नाही.

"मागं कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, आई."

"मग चल," त्या म्हणाल्या, आणि मागे न बघता चालू लागल्या. मी दोन्ही हात किंचित पुढे धरले आणि दोन पावलं सोडून त्यांच्या मागे निघाले.