पेन्शन केससाठी काढलेला फोटो

आम्हा नवरा-बायकोचा, फक्त दोघांचाच असा, एकच फोटो आहे आणि तो पेन्शनच्या कागदांनी काढायला लावला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मध्ये कुणीतरी आहेच. नणंद, नणंदेचं रडकं पोर, एकात तर बँडवाला. पुढं संसारात कुणाला सवड होती?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हाची मी कशी होते, याची नक्कल आता नातवंडांना करून दाखवते आणि ती लोळून हसतात. काय तो तोरा! पर्स काखेत, मान ताठ, भेटेल त्याला पेन्शनचे नियम ऐकवायचे. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसा घ्यावा की नाही, यावर मी भाजीवालीचंसुद्धा मत विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई, पहिले मेथी घेता का?" मुलाला नांदुऱ्यात प्लॉट हवा होता, सुनेला वरची खोली. मला पाटल्या हव्या होत्या, पण तोंडानं म्हणायची, "मले काय करायचं आता दागिन्याचं!"

खरी काळजी मात्र वेगळीच होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमचे हे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. उभा जन्म कोरडवाहू शेतीत गेला, गुडघे गेले तेव्हा शेत बटईनं दिलं. या माणसानं कधी कुणाला पैसा मागितला नाही, पोटच्या पोरालाही नाही. मी पगार झाला की देवघरातल्या डब्यात नोटा ठेवायची, ते न विचारता लागतील तेवढ्या उचलायचे. दोघंही त्यावर कधी बोललो नाही. मी आधी गेले तर तो डबा कोण भरणार? सुनेपुढं हात पसरण्यापेक्षा हा गडी तंबाखू सोडेल, मग चहा सोडेल आणि वर म्हणेल, मले आवडतच नव्हता. म्हणून माझ्यामागं त्यांना मिळायची ती फॅमिली पेन्शन मला कागदावर पक्की करून हवी होती. आणि त्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो.

"कायले पायजे फोटो?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या खोलीत लावाले," मी बिनदिक्कत थाप मारली.

नांदुऱ्याच्या स्टुडिओत मी एवढी पावडर थापून गेले की पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसत होते. फोटोवाला म्हणाला, "काका, जवळ सरका." हे आणखी लांब सरकले. "काका, काकूच हायेत ना ह्या?" "हाव, पन अशी बसली जशी वर्गात हाजरी घेऊन राह्यली," हे म्हणाले. मी हसले, आणि तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं.

चार प्रती आणल्या. संध्याकाळी मी स्वयंपाकात, आणि टेबलावर पेन्शनचे कागद उघडे. बाहेर आले तर हे ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होते.

"तू मेल्यावर मले पैसे भेटतीन, असं लिवलं हाय याच्यात."

"व्यवहार हाय तो."

"म्हंजे मंग खोलीत लावाचा फोटो नाई हा. तुह्या मरनाचा फोटो हाय." त्यांनी चारही प्रती उचलल्या आणि चपला घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी फोटो कुठंच नव्हते. गाद्या उलटल्या, धान्याच्या कोठीत हात घातला. सोमवारी कागद द्यायचे होते. हे जेवायला बसायचे, भाकर खायचे, उठायचे. बोलणं बंद. मग त्या शहाण्या बाईनं, म्हणजे मी, काय करावं? नातीची पाटी घेतली, त्यांच्यासमोर बसले आणि खडूनं दोघांची वयं मांडली.

"हे पाहा. तुम्ही मोठे का मी?"

"मी."

"मंग पहिले कोन जाईन?"

"मीच जाईन."

"मंग हे पैसे तुमाले भेटाचेच नाईत. काऊन जीव जाळता उगाच?"

नवऱ्याची समजूत काढायला, तुम्हीच आधी मरणार हो, असं पाटीवर सिद्ध करून दाखवणारी बायको सबंध जिल्ह्यात मीच असेन. बोलून गेले, मग कळलं आपण काय बोललो. त्यांनी पाटी हातात घेतली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते.

"हे बरं सांगतलं, मास्तरीनबाई. असं असन तं लाव फोटो."

बंडीच्या खिशातून त्यांनी फोटो काढले. दोन दिवस तिथंच होते आणि मी कोठीत हात घालत होते! दिले ते तीनच. "चवथा कुठी?" "पडला असन कुठी." तीन पुरले.

पाटल्या झाल्या नाहीत. वरची खोली झाली. चौथा फोटो पुढं बंडी धुताना माझ्या हाताला लागला. घामानं कडा मऊ पडलेल्या. धुणं झाल्यावर वाळलेल्या बंडीत तो मी परत ठेवून दिला, आणि दर धुण्याला तेच करते.

आता मला बीपी आहे, आणि गोळी विसरायची खोड. रोज सकाळी चहाच्या आधी हे तळहातावर गोळी घेऊन उभे. परवा मी वैतागले, "एक दिवस नाई घेतली तं काय जाते तुमचं?"

"माह्यंच जाते. ते कागद पुरे वाचले मी. तू हाय तोवर पुरी पेन्शन, तू गेली का अर्धी. व्यवहार हाय तो. घे."